दोन संच, नऊ वाचक आणि खोताचं घर

आमच्या वाचक कट्ट्यावरून गुरुजी छत्री उचलून निघून गेले, त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. कारण एक कादंबरी. ही हकीकत मी तेव्हापासून चार-पाच जणांना सांगितली आणि प्रत्येकाने अर्ध्यावरच कुणाची तरी बाजू घेऊन टाकली. म्हणून आता पहिल्यापासून, जमेल तेवढी सगळी लिहून काढते. पुस्तकांवर बोलायला माणसं जमवणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

गाव दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून दीड-दोन किलोमीटर आत. नाव देत नाही, कारण दिलं तर गुरुजी कोण ते पाच मिनिटांत कळेल. वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यांत खालचं: एक खोली, सहा कपाटं, एक पंखा आणि मी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली, तेव्हापासून वर पत्रे आहेत. पावसात पत्र्याखाली बोललेलं शेजारच्यालाही धड ऐकू येत नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढे तीच नडली.

मी मूळची लालबागची, लग्न होऊन इथे आलेली. कोणाची जमीन कधी कोणाकडे गेली, हे इथल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर कळतं. मला ते कळायला बावीस वर्षं आणि ही कादंबरी लागली.

कट्टा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चारला. एप्रिल-मे बंद, कारण तेव्हा अख्खं गाव आंब्याच्या पेट्यांत असतं. गणपतीतही बंद. आम्ही नऊ जण: निवृत्त मुख्याध्यापक म्हणजे गुरुजी, अंगणवाडीताई, निवृत्त नर्सबाई, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले सर, पोस्टमनभाऊ, कलमवाले काका, त्यांच्याच घरातल्या धाकट्या वहिनी, कृषी विद्यापीठात शिकणारा एक मुलगा आणि मी. अंगणवाडीताई चौथीत गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या. ते त्यांना अजून 'बाय' म्हणतात आणि ताई त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतात. पाठ टेकून बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

त्या वर्षी श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' घ्यायची ठरली. १९८७ साली आलेली, दोन खंडांची, खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या घराण्याच्या चार पिढ्या सांगणारी कादंबरी. पेंडसे जन्मले आमच्याच तालुक्यात, मुर्डीला. तुंबाड पलीकडच्या खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी. त्यामुळे पुस्तक हातात येण्याआधीच सगळ्यांना ते 'आपलं' वाटत होतं. मला तर निवड फारच हुशारीची वाटली होती.

संच दोन होते. एक वाचनालयाचा, ज्याच्या दुसऱ्या खंडाने निसर्ग वादळात पाणी खाल्लं होतं आणि पुठ्ठा पापडासारखा वर उचलला होता. दुसरा गुरुजींचा स्वतःचा, खाकी कव्हर घातलेला. एका खंडाला पंधरा दिवस असा हिशेब धरला. एका संचावर पाच वाचक, दुसऱ्यावर चार. पहिला खंड पुढे सरकला की मागून दुसरा निघतो, म्हणजे पाचवा वाचक सहाव्या पंधरवड्यात मोकळा होतो. जूनच्या मध्याला सुरुवात केली तर सप्टेंबरच्या मध्याला सगळे तयार. हा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखून केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. तो चुकला कुठे हे नंतर सांगते. गणपती आले, चाकरमानी आले, लावणी झाली, बेणणी झाली आणि बैठक एकदाची ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर ठरली.

त्या रविवारी

परतीचा पाऊस होता आणि लाइट गेलेली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "मग, कशी वाटली?" आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजी सुंदर बोलतात, हे आधी सांगायला हवं. वीस-पंचवीस मिनिटं बोलले. माणसं किती उंच रंगवलीत, वाईट माणूससुद्धा कसा हाडामासाचा आहे, अशा माणसांचा दरारा काय असायचा. शेवटाकडे आले तेव्हा आवाज दाटला. "ते घर खचत जातं ना, ते वाचताना मला पुस्तक मिटून ओटीवर येऊन बसावं लागलं," म्हणाले. "काय वैभव होतं आणि काय झालं!"

नर्सबाईंनी मान डोलावली. मी चहा ओतायला घेतला. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "गुरुजी, मी पण पूर्ण वाचली. घर खचत गेलं तसं मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं."

गुरुजी हसून म्हणाले, "वाईट वाटायला वय लागतं, बाय."

यावर ताई जे बोलल्या त्याची दोन रूपं आहेत. मी ऐकलं ते असं: "माझी आजी असल्याच घराच्या मागल्या दारी उभी राहायची, ताकाला. मला सारखं ते दार दिसत होतं." गुरुजींनी ऐकलं ते: "माझी आजी तुमच्याच घराच्या मागल्या दारी उभी राहायची." एका शब्दाचा फरक. वर पत्र्यावर पाऊस तडतडत होता. ताईंना मी नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आता आठवत नाही." हे मला आजही खरं वाटत नाही.

गुरुजी म्हणाले, "पुस्तकावर बोलायला बसलोय की माझ्या घरावर?" कोणी काही बोललं नाही. त्यांनी छत्री उचलली, कपातला चहा बशीने झाकला (ही त्यांची शिस्त) आणि निघाले. दोन दिवसांनी शेजारच्या मुलाकडून चिठ्ठी आली: "माझा संच परत पाठवावा."

नोव्हेंबरच्या बैठकीला ना गुरुजी आले, ना ताई. डिसेंबरला आम्ही चार जण होतो.

मला जे उशिरा कळलं

पहिली गोष्ट जमिनीची. गावदेवीच्या मागे चौदा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. गुरुजींच्या आजोबांच्या नावाचा. ताईंचे आजोबा तो कसायचे. कूळकायद्यानं तो त्यांच्या नावावर झाला. १ एप्रिल १९५७ हा त्या कायद्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. दोन्ही घरांत यावरून कधी कोर्टकचेरी झाली नाही. पण हे दोन्ही घरांना ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, पोस्टमनभाऊंना तर गटनंबरसुद्धा ठाऊक. कट्ट्यावर न माहिती असलेली मी एकटीच, आणि पुस्तक सुचवलं होतं तेही मीच.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. भांडण झाल्यावर मी वहीचं ते शेवटचं पान उघडलं आणि एकेकाला विचारलं, नक्की किती वाचलं? दोन्ही खंड पुरे केलेले पाच जण निघाले. पोस्टमनभाऊ आणि कलमवाले काका, दोघांचा फक्त पहिला खंड झालेला. काकांनी दुसरा महिनाभर घरी ठेवला होता, "उशाशी होता हो, पण झोप आधी यायची." पहिला खंड अडकल्यामुळे धाकट्या वहिनींनी दुसराच आधी वाचून काढला होता; कोण कोणाचा मुलगा ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, तरी आवडला. आणि विद्यापीठातला मुलगा साठेक पानांवर थांबलेला, कारण २०१८ चा 'तुंबाड' सिनेमा बघून तो भुताची वाट पाहत होता. सिनेमाने नाव या कादंबरीवरून घेतलं असलं तरी गोष्ट अगदीच निराळी आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आम्ही नऊ जण एका पुस्तकावर नव्हे, चार वेगवेगळ्या पुस्तकांवर बोलायला बसलो होतो.

त्यातही वेळेचा घोळ. संच गुरुजींचा, म्हणून त्यांचं वाचन रांग लागायच्या आधीच, मे महिन्यात झालेलं. ताई वाचनालयाच्या रांगेत शेवटच्या. त्यांनी दुसरा खंड बैठकीच्या तीन दिवस आधी संपवला, रात्री पोषण आहाराची रजिस्टरं भरून झाल्यावर. हजारावर पानांची कादंबरी पाच महिन्यांनी आठवते तेव्हा तिचा सूर आठवतो आणि शेवट आठवतो. तीन दिवसांनी आठवतात ते बारीक प्रसंग, कोण कुठे उभं होतं, कोणाला काय मिळालं. गुरुजी सुरावर बोलत होते, ताई प्रसंगांवर. रांगेत त्यांच्या जागा उलट असत्या तर? जमिनीचं दुखणं राहिलंच असतं, पण ते त्या दिवशी, त्या वाक्यात वर आलं नसतं असं मला वाटतं. नर्सबाईंचं मत याच्या उलट आहे. त्या म्हणतात, ते कधीतरी येणारच होतं, पुस्तक निमित्त.

तिसरी चूक शुद्ध माझी. बैठकीत टेबलावर पुस्तक नव्हतं. एक संच नर्सबाईंच्या घरी, दुसरा ताईंच्या पिशवीत, ओल येऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये बांधलेला. कोणी एकही पान उघडलं नाही. पान समोर नसलं की माणूस स्वतःवर बोलू लागतो.

जे करून पाहिलं आणि फसलं

आधी मी मध्यस्थी करायला गेले. गुरुजींकडे नारळाच्या वड्या घेऊन गेले, तर तासभर त्यांनी मोहोर यंदा उशिरा धरणार हे सांगितलं. कादंबरीचा विषय काढला की "सूनबाई, चहा घेणार ना?" ताईंकडे गेले तर त्यांनी खंडाच्या भिजलेल्या पुठ्ठ्याला खळ लावून, वर पाटा ठेवून तो सपाट केल्याचं दाखवलं. "तेवढा नीट बसला बघा," म्हणाल्या. बास.

मग मला सुचली ती अगदी सोपी युक्ती: पुढच्या वेळी कोणालाही न बोचणारं पुस्तक घेऊ. हलकंफुलकं, शंभर-सव्वाशे पानांचं. जानेवारीत पाच जण जमलो. "छान आहे." "हो, छान आहे." "भाषा सोपी आहे." चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही बोराच्या लोणच्याच्या पाककृतीवर होतो. मेलेली बैठक म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं. भांडणाची बैठक यापेक्षा परवडली.

सरांची चिठ्ठ्यांची पद्धत

उपाय सुचवला उर्दू शाळेतल्या सरांनी. सर कमी बोलतात. म्हणाले, "त्याच पुस्तकाला परत बसू. पण पहिला तास मत सांगायची बंदी. प्रत्येकाने जिथे थांबला त्या पानात चिठ्ठी घालून आणायची आणि ते पान मोठ्याने वाचायचं. का थांबला, ते विचारलं तरच सांगायचं." मला हे शाळेतल्या प्रकट वाचनासारखं वाटलं, तसं बोललेही. ते म्हणाले, "आहेच. आम्ही दोघांनीही जन्मभर पगार त्याचाच घेतला." हे गुरुजींबद्दल होतं, आणि गुरुजींना निरोपही त्यांनीच दिला, स्वतः जाऊन. काय बोलले ते मला माहीत नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आठ जण आले. पोस्टमनभाऊ नव्हते. गुरुजी आले, खाकी कव्हरचे दोन्ही खंड काखेत. ताई दाराजवळच्या खुर्चीवर. टेबलावर चार खंड आणि त्यांतून डोकावणारे कागद: एसटीची तिकिटं, औषधाच्या दुकानाचं बिल, ताईंच्या रजिस्टरची कापलेली कड. गुरुजींच्या खंडात चिठ्ठी एकही नाही. ते समासात पेन्सिलीने बारीक टिक करतात.

सुरुवात गुरुजींपासून करायची नाही, एवढा एक नियम मी घातला. पहिली पाळी विद्यापीठातल्या मुलाची. त्याने एव्हाना पहिला खंड पुरा केला होता. त्याने नदीचं एक पान वाचलं आणि म्हणाला, "भूत नाही मिळालं, पण ही भेटली." मग वहिनी. मग सर.

सरांनी वाचलं ते कुळांबद्दलचं पान, आणि विचारल्यावर सांगितलं, "आमचं घरही खोताचं." मला धक्का बसला. खोत म्हणजे ब्राह्मण अशी माझी समजूत. "मराठा होते, मुसलमान होते. खोत ही जात नाही, मधली जागा आहे. कुळाकडून घ्यायचं, सरकारात भरायचं आणि मधलं आपलं. अर्धेलीने दिलेल्या शेतात निम्मं पीक खोताच्या कणगीत. वर वेठ. माझ्या पणजोबांनी घेतली असणार. नसती घेतली तर गावात तसं सांगत आले असते."

मग नर्सबाई बोलत्या झाल्या. त्यांचं माहेर अलिबाग तालुक्यात, चरी गावाच्या अलीकडे. १९३३ ते १९३९, सहा वर्षं तिथल्या कुळांनी खोतांची शेती कसायला नकार दिला, नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली. जमिनी पडून राहिल्या. त्यांच्या आजोळी म्हणे त्या काळात भात शिजलेला वास आला की पोरं कोणाच्या घरी शिजलंय ते शोधत जायची. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं आणि खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने, हे सरांनी पुरवलं. हा सगळा इतिहास कादंबरीच्या आजूबाजूला उभा होता आणि ऑक्टोबरात आम्ही त्याला खोलीत येऊच दिलं नव्हतं. चहा त्या दिवशी मी साडेपाचला केला. कोणी मागितलाच नाही.

ताईंनी वाचलेलं पान मी इथे देत नाही. पुस्तकात आहे, शोधा. आवाज आधी कापरा होता, मग सरळ झाला. वाचून झाल्यावर त्यांना कोणी 'का' विचारलं नाही.

शेवटी गुरुजी. दुसरा खंड उघडला, चष्मा पुसला, पानं चाळली आणि म्हणाले, "पहिला द्या." त्यांनी वाचला तो एक लहानसा परिच्छेद. खोतासमोर उभ्या असलेल्या माणसांचा. वैभवाचा नाही, घर खचण्याचाही नाही. वाचून पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "इथे मी मे महिन्यात थांबलो होतो. ऑक्टोबरात सांगायला विसरलो." विसरलो म्हणताना ते ताईंकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते.

यात एक आतली गोष्ट आहे. गुरुजींचा संच आधी नर्सबाईंकडे होता. त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने दोन शब्द होते, ते त्यांनी जुलैतच वाचले होते: 'आमच्याकडेही.' ऑक्टोबरात गुरुजी वैभवावर बोलत होते तेव्हा नर्सबाई मान डोलावत होत्या आणि हे त्यांना ठाऊक होतं. "बोलायला हवं होतं तुम्ही," असं मी चिडून म्हणाले. त्या म्हणाल्या, "समासात लिहिलेलं त्यांचं होतं. मी कोण?" मी असते तर बोलले असते. बरोबर कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे

सगळं गोड झालं असं समजू नका. पोस्टमनभाऊ परत आले नाहीत. "तुमच्यात जमिनी निघतात," म्हणतात. ताई येतात, पण अजून दाराजवळच बसतात. त्या शब्दाबद्दल, 'असल्याच' की 'तुमच्याच', दोघांमध्ये एक अक्षर झालेलं नाही. मोहोर मात्र त्या वर्षी खरंच उशिरा धरला.

पद्धती थोड्या बदलल्या. बैठकीआधी कोणी किती वाचलं ते मी फळ्यावर लिहिते, लाजवायला नाही, कोणासमोर काय फोडू नये ते कळावं म्हणून. टेबलावर पुस्तक असल्याशिवाय बैठक सुरू होत नाही. 'कशी वाटली' हा प्रश्न मी सोडला. 'कुठे थांबलात' विचारते. आणि रांग आलटून पालटून लावते: एका पुस्तकाला जो पहिला, तो पुढच्याला शेवटचा.

पुढचं पुस्तकही पेंडशांचंच घ्यायचं ठरलं, 'रथचक्र'. १९६२ ची, साहित्य अकादमी मिळालेली. एकत्र कुटुंबातल्या बाईची गोष्ट, जिला लेखकाने नावच दिलेलं नाही. वाचनालयात प्रत एकच, तीही बांधणी सुटलेली.

गुरुजींनी त्यांचा 'तुंबाडचे खोत'चा संच मे महिन्यात वाचनालयाला देऊन टाकला. दाखल नोंदवहीत क्रमांक घालताना मी विचारलं, समासातली पेन्सिल खोडू का, नियमाने खोडायला हवी. ते बराच वेळ खाकी कव्हरची कड बोटाने सारखी करत राहिले. मग म्हणाले, "राहू दे." आणि विचारलं, "'रथचक्र' आधी कोणाकडे?"

मी फळ्याकडे पाहिलं. पहिलं नाव ताईंचं होतं, शेवटचं त्यांचं.

"मग पावसाळ्यानंतरच मिळणार म्हणायची," ते म्हणाले आणि छत्री घेऊन गेले.